चारसूत्री की श्री? छोट्या खाचरासाठी भातलागवड

श्री पद्धत मूळची मादागास्करची, 1983 च्या सुमारास आकाराला आलेली. 8 ते 12 दिवसांचं एकेक रोप 25 बाय 25 सेंटिमीटरवर लावायचं, शेत आलटून-पालटून भिजवायचं आणि सुकवायचं, कोनोवीडर (तण काढायचं हातयंत्र) फिरवायचा. बियाणं खूपच कमी लागतं. पण वरच्या खाचरातलं पाणी आपल्या खाचरात उतरत असेल, तर शेत सुकवणं आपल्या हातात राहतच नाही! कोवळी रोपं बुडतात, तणही माजतं.

चारसूत्री ही दुसरी पद्धत. तिच्यात गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडिया झाडाचा) पाला चिखलात गाडतात, आलटून-पालटून 15 आणि 25 सेंटिमीटर अंतराच्या जोडओळीत लावणी करतात आणि चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध युरिया-डीएपी खताची ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेली गोळी, खोल खोचतात. त्यामुळे खत वाहून जात नाही. ब्रिकेट खोचताना कंबर मोडते, हे खरं.

पावसाळ्यात मी चारसूत्रीच सुचवेन. स्वतःची विहीर असेल, तर उन्हाळी भाताला श्री जरूर करावी.