उपकेंद्रातल्या सिस्टरची सेवा: कुठे भक्कम, कुठे कच्ची

गावच्या आरोग्य उपकेंद्रात डॉक्टर रोज नसतो. सपाट भागात ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० वस्तीला एक उपकेंद्र, असा निकष आहे. तिथली बीपी-शुगर, लसी, गरोदर बाईची तपासणी बहुतेक सिस्टरच्याच हातून होते, म्हणून पारख त्या हाताची करायची.

सगळ्यात पक्कं काम लसीकरणाचं. आइसपॅक फ्रीजरमधून काढून तसेच कॅरियरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या डब्यात, भरले, तर पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) गोठून निकामी होते. म्हणून जाणती सिस्टर पॅक बाहेर ठेवते, कानाशी हलवून बघते आणि आत पाणी डुचमळलं की मगच भरते. गोवर-रुबेलाची वायल (लसीची बाटली) एकदा कालवली की ४ तासांत वापरायची, उरलेली टाकायची. कालवल्याची वेळ वायलवर लिहिलेली असते, आईबापांनी बिनधास्त बघावी. लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात. कामाची घाई असली तरी तेवढं थांबाच, रिअ‍ॅक्शन आलीच तर ती तिथे सांभाळता येते.

बीपीत मात्र घाई फार होते. चालत आलेल्या माणसाला आधी ५ मिनिटं पाठ टेकून बसवायला हवं. हात टेबलावर, छातीच्या पातळीला. कफ, म्हणजे बीपी मोजायचा पट्टा, उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू झाली असेल तर आधी सांगा. जाड दंडाला लहान कफ बांधला की आकडा खोटाच वाढतो, आणि नसलेल्या बीपीची गोळी मागे लागते. मोठा कफ प्रत्येक उपकेंद्रात हवाच.

शुगरला हात साबणाने धुऊन, कोरडे करून बसा. बोटाला गुळाचा अंश राहिला तरी आकडा चढतो. टोचायचं बोटाच्या कडेला, तिथे कमी दुखतं. बोट दाबून पिळू नये. शुगर मोजायच्या पट्ट्यांची डबी उघडी दिसली तर हटकून विचारा, दमट हवेने पट्ट्या बिघडतात.

खरी अडचण नोंदींची आहे. रजिस्टर, यू-विन (लसीकरणाची ऑनलाइन नोंद), एनसीडी पोर्टल (बीपी-शुगरसारख्या आजारांची ऑनलाइन नोंद), सगळीकडे भरायचं ते एकाच बाईने. रेंज गेली की बाकावरची माणसं ताटकळतात. यात सिस्टरचा दोष नाही, तिला मदतीला माणूस द्यायला हवा.

बीपी १४०/९० किंवा त्याहून वर आलं, तर आकडा आणि तारीख घातलेली रेफरची चिठ्ठी मागून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आधी तीच बघतात.