रोजच्या वापरातली १९७४ची पद्मिनी: चालवत-चालवत दुरुस्त करण्याचा अनुभव

गेल्या वर्षी वळवाच्या सुमाराला घेतलेली १९७४ची प्रीमियर पद्मिनी आजही माझी रोजची गाडी आहे. कोल्हापूर ते इचलकरंजी जाणं-येणं, घरचा बाजार, अधूनमधून आंबा घाट उतरून रत्नागिरी. घरात दुसरी चारचाकी नाही. त्यामुळे गाडी पूर्ण उघडून वर्षभर गॅरेजात ठेवणं मला शक्यच नव्हतं, आणि आता वाटतं की शक्य असतं तरी मी तसं केलं नसतं. शिवाजी उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रीमामांकडे ती पहिल्यांदा नेली, त्यांनी बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "उभी करू नकासा. उभी केली की संपली बघा. चालवत राहा, काय दुखतंय ते तीच सांगत्या."

जुनी गाडी घेणारे बरेच जण रंगापासून सुरुवात करतात. गाडी डेंटरकडे जाते, पत्रा चकचकीत होतो, पैसे संपतात आणि ब्रेक, रेडिएटर, वायरिंग जिथल्या तिथे राहतं. मग ती फक्त रविवारी सकाळी बाहेर निघते. रोज चालणाऱ्या गाडीत कामांचा क्रम रस्ता ठरवतो. माझ्या गाडीत तो ब्रेकपासून सुरू झाला, मग पाणी आणि वीज, मग पेट्रोलची लाइन, मग पत्रा. रंग अजून बाकी आहे आणि त्याचं मला काही वाटत नाही.

ब्रेकबद्दल आधी सांगतो. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत (फिरत्या ड्रमला आतून लायनर, म्हणजे घर्षणाचे पट्टे, दाबले जातात) आणि माझ्या गाडीत पुढच्या-मागच्या ब्रेकची ऑइलची लाइन एकच आहे. एखादा व्हील सिलिंडर (चाकाजवळ ऑइलच्या दाबाने ब्रेक दाबणारा भाग) गळायला लागला की पॅडल सगळ्याच चाकांसाठी खाली जातं. म्हणून मास्टर सिलिंडर (पॅडलखाली तो दाब तयार करणारा), सगळे व्हील सिलिंडर, रबरी होज आणि जिथे गंज दिसला तिथली पाइप एकाच वेळी बदलली. ड्रम लेथवर फिरवून घेतले, लायनर ड्रमच्या गोलाईला बसतील असे घासून घेतले. या घासण्याला कुणी महत्त्व देत नाही, पण नवा लायनर ड्रमला फक्त मधोमध टेकत असेल तर पहिले कित्येक किलोमीटर ब्रेक अर्धाच लागतो. पुढे डिस्क बसवायचा सल्ला अनेकांनी दिला. मी नाही बसवली. चाळीसेक हॉर्सपॉवरच्या गाडीला नीट जुळवलेले ड्रम पुरतात. शिवाय नुसतं पुढचं बदललं की पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल बिघडतो आणि तो साधायला पुढचं बरंच काही बदलावं लागतं. घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरायचं, म्हणजे ड्रम तापत नाहीत. पावसात साचलेल्या पाण्यातून गेल्यावर पॅडल हलकं दाबून थोडं अंतर चालवायचं, म्हणजे लायनर सुकतात. या दोन सवयी लागल्या की ब्रेकची चिंता उरत नाही.

खरी परीक्षा उसाच्या हंगामात झाली. कारखान्यांचं गाळप सुरू झालं की आमच्या भागातले रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे होतात. दोन-दोन ट्रॉल्या भरून चाललेल्या ट्रॅक्टरच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगताना तापमानाचा काटा वर चढू लागला. पद्मिनीचा रेडिएटरचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन मंद असेल तेव्हा पंखाही मंद, आणि नेमकी तेव्हाच समोरून हवा येत नसते. इलाज उघड होता: स्वतंत्र विजेचा पंखा. पण त्याला लागणारी वीज कुठून आणायची? गाडीला मूळचा डायनॅमो, म्हणजे वीज बनवणारं जुन्या पद्धतीचं यंत्र, होता. डायनॅमो मंद इंजिनावर जेमतेम चार्ज करतो. रात्री हेडलाइट लावून रांगेत उभं राहिलं की दिवे पिवळट पडायचे, त्यात पंख्याचा भार आला असता तर बॅटरीच बसली असती.

म्हणजे पंख्याच्या आधी अल्टरनेटर, मंद इंजिनावरही पुरेशी वीज देणारा. मारुती ८००चा अल्टरनेटर घेतला आणि उद्यमनगरातल्या एका टर्नरकडून त्याची ब्रॅकेट बनवून घेतली. कोल्हापूरचं हे भाग्य मी दर महिन्याला अनुभवतो. ऑइल इंजिनं आणि फाउंड्रीच्या धंद्यातून वाढलेल्या या वसाहतीत नमुना हातात दिला की बुश, पिन, ब्रॅकेट, जे हवं ते तयार होतं. मी गेलो तेव्हा तिथल्या काकांनी पट्ट्याच्या सरळ रेषेसाठी ब्रॅकेटची जाडी दोनदा कमी करून पाहिली. पुली जराही वाकडी बसली तर पट्टा महिन्यात खराब होतो, हे त्यांनी मला पट्टा फिरवून दाखवलं. अल्टरनेटर बसल्यावर रेडिएटरची जाळी नवी भरून घेतली, थर्मोस्विचवर (ठरावीक तापमानाला आपोआप चालू होणाऱ्या स्विचवर) चालणारा पंखा लावला आणि आधीच्या मालकाने काढून टाकलेला थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप) परत बसवला. "थर्मोस्टॅट काढला की गाडी थंड राहते" असं आपल्याकडे सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात इंजिन लवकर योग्य तापमानाला येत नाही, चोक (थंड इंजिनासाठी पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी खुंटी) जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो, पेट्रोल जास्त जळतं आणि न जळालेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. चांगला रेडिएटर आणि चालू थर्मोस्टॅट एकत्र हवेत.

वीज पुरेशी झाल्यावर हेडलाइटला ६०/५५ वॉटचे एच-४ बल्ब लावले, पण रिलेमधून, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचमधून. पन्नास वर्षांच्या जुन्या स्विचमधून आणि जुन्या तारांमधून सगळा करंट नेला तर दिव्यापर्यंत पुरेसा व्होल्टेज पोचत नाही आणि स्विच तापतो तो वेगळाच. रिले लावल्यावर त्याच बल्बचा उजेड किती वाढला हे शिरोलीपुढच्या अंधारात कळलं. ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेतले पॉइंट आणि कंडेन्सर मी अजून मूळचेच ठेवले आहेत. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवायची, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) जवळ ठेवायचा, जादा सेट ग्लोव्ह बॉक्समध्ये. रस्त्यात कुठेही स्वतःच्या हाताने सोडवता येणारी अडचण मला बंद डब्यातल्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनपेक्षा परवडते.

आता पेट्रोल. आजच्या काळात जुनी गाडी रोज चालवणाऱ्याने सर्वांत जास्त लक्ष द्यावं असा हा विषय आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. १९७४च्या गाडीतले रबर या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत. इथेनॉलने जुने होज फुगतात, मऊ पडतात, नंतर तडकतात, आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला लवचीक पडदा, तोही जातो. इंजिनाच्या गरम भागाजवळून जाणारा होज गळू लागणं म्हणजे आगीला आमंत्रण, म्हणून इथे काटकसर करू नये. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे होज इथेनॉलला टिकणारे घातले, पंपाचा डायफ्राम बदलला. टाकी उतरवून आतून धुतली, कारण इथेनॉल वर्षानुवर्षांचा चिकटलेला गाळ सोडवतं आणि तो थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) येऊन अडकतो. त्यासाठी काचेचा फिल्टर लावला आहे, गाळ डोळ्यांना दिसतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे जुन्या जेटवर हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, गाडी मध्येच धक्के खाते. मुख्य जेट किंचित मोठा केल्यावर ते थांबलं. मायलेज थोडं घटलं, आणि ते घटणारच, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. उन्हाळ्यात गरम गाडी बंद करून दहा मिनिटांनी सेल्फ मारला की चालू होईना, लाइनमध्ये पेट्रोलची वाफ धरायची. पाइपवर उष्णतारोधक नळी आणि कार्बोरेटरखाली जाड बेकलाइटचं पॅकिंग घातल्यावर हा त्रास जवळजवळ गेला. एप्रिलच्या भर दुपारी अजून एखाद्या वेळी जाणवतो.

पत्र्याचं काम पावसाळ्याने ओढून आणलं. पाय ठेवायच्या जागेतल्या मॅटखाली ओल दिसली, मॅट उचलली तर खाली गंज. या गाडीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच सांगाडा आहे. त्यामुळे दाराखालच्या पेट्या सडल्या तर नुसतं वाईट दिसत नाही, गाडीची ताकद जाते. माझ्या गाडीत तिथे कुणीतरी पूर्वी लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारला होता. ती खरवडून काढली, सडलेला पत्रा कापला, नवा वाकवून वेल्ड केला. हे काम एका वेळी एकाच बाजूचं करायचं आणि कापण्याआधी आतून दाराच्या चौकटीला आडवा आधार वेल्ड करून घ्यायचा. नाहीतर बॉडी खचते आणि नंतर दारं लागत नाहीत. डेंटर घाईत असेल तर हे टाळतो, म्हणून मी कापताना तिथे उभा होतो. डावी बाजू झाली, काही आठवडे गाडी चालवली, मग उजवी. पेट्यांच्या आत मेण फवारून घेतलं आणि पाणी निघायची बंद झालेली भोकं मोकळी केली. नव्या पत्र्यावर सध्या फक्त प्रायमर आहे आणि लोक त्यावरून विचारतात. विचारू देत.

सुट्या भागांची स्थिती चांगली आहे असंच मी म्हणेन, आणि त्याचं श्रेय मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींना. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने ही गाडी बनत राहिली आणि टॅक्सीवाल्यांनी ती पुढे कितीतरी वर्षं रात्रंदिवस पळवली. त्या मागणीवर छोट्या कारखानदारांची एक फळीच उभी होती. शेवटच्या नोंदलेल्या पद्मिनी टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, तेव्हापासून दुकानदार जुना साठा विकताहेत. पुण्यात नाना पेठेत अजून पिस्टन-रिंग, क्लच प्लेट, पॅकिंगचा सेट मिळतो. अडचण आहे ती काचेच्या रबराची, दारांच्या बिजागऱ्यांची आणि क्रोमच्या पट्ट्यांची, कारण टॅक्सीला या गोष्टी फारशा लागत नव्हत्या. बेअरिंग आणि ऑइल सील मात्र गाडीच्या नावाने मागू नका. जुना नग सोबत न्या आणि आतला व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी सांगा. साध्या बेअरिंगच्या दुकानातही तो मिळून जातो.

बदल करताना मी एकच कसोटी लावली: गरज पडली तर गाडी परत मूळची करता आली पाहिजे. डायनॅमो, त्याचा कटआउट, जुने दिवे, सगळं खोक्यात नीट ठेवलं आहे. अपवाद फक्त सीट बेल्टचा. तीन टोकांचे बेल्ट लावण्यासाठी मधल्या खांबाला आणि फरशीला आतून जाड पत्र्याचे तुकडे वेल्ड केले, ते काढता येणार नाहीत. माझी मुलगी त्या गाडीत बसते, त्यामुळे तिथे मूळपणाचा प्रश्न मला पडला नाही. टायर जुन्या धाटणीचे क्रॉस-प्लाय होते, चारही आणि स्टेपनी रेडियल केले. मूळ मापाच्या जवळचेच घेतले, कारण रुंद टायर घातला की आधीच जड असलेलं स्टिअरिंग उभ्या गाडीत हलेनासं होतं आणि किंगपिनवर (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या पिनवर) भार येतो.

सगळ्यात आवडता बदल आतला आहे. पुढची सलग सीट तशीच ठेवून रेक्झिन बदललं, आणि दारांचे पट्टे, स्टिअरिंगचं वेष्टन, गिअरच्या दांड्याची मूठ कोल्हापुरी चपला बनवणाऱ्या एका कारागिराकडून करून घेतली. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, हाताने विणलेली वादी. ऊन-घामाने ते गडद होत चाललं आहे आणि हाताला घट्ट पकड देतं. आपल्या गावात हे कसब असताना बाहेरून चकचकीत सामान मागवायची गरज नाही, असं मला मनापासून वाटतं.

कागदपत्रांबद्दल विचारणारे खूप भेटतात, म्हणून सांगतो. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपातल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि देखभाल यांपलीकडे रस्त्यावर आणता येत नाही. रोज चालवायची तर नेहमीचीच नोंदणी ठेवा आणि दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करा. पर्यावरण कर, पीयूसी आणि विमा वेळच्या वेळी. रंग किंवा इंजिन बदललं तर त्याची नोंद आरसी बुकात करून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदीशी न जुळणारा बदल बेकायदा ठरतो.

चालवायला गाडी कशी आहे? ताशी साठ-पासष्टला ती मजेत असते, हायवेवर त्याहून जास्त पळवावीशी मलाच वाटत नाही. हँडलचा (स्टिअरिंगच्या दांड्यावरचा) गिअर सवयीचा झाला की हात आपोआप वळतो. पहिला गिअर मात्र गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकू नये, दात वाजतात. पातळ खांबांमुळे चारी बाजूंचं स्पष्ट दिसतं, चौकात आणि बाजारात याचा फार उपयोग होतो. एसी नाही, मे महिन्यात घाम निघतो. ग्रीस आणि ऑइलचं वेळापत्रक पाळावंच लागतं, २०डब्ल्यू-५० ऑइल मी पुस्तकात सांगितल्यापेक्षा लवकरच बदलतो. ज्याला दर रविवारी तास-दोन तास हात काळे करायला आवडत नाहीत, त्याने रोजच्या वापराला ही गाडी घेऊ नये. ज्याला आवडतात त्याने जरूर घ्यावी, आणि एक ओळखीचा मिस्त्री आधी जोडावा.

दिवाळीनंतर पुढची काच काढून रबर बदलायचं आहे. काच निघेलच तेव्हा रंगही त्याच वेळी होईल, आरसीवर आहे तोच फिकट राखाडी. त्याआधी मागच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) बुश पाहायचे आहेत, हुपरीच्या रस्त्याला खड्ड्यातून जाताना डाव्या बाजूने कुरकुर येते आहे. जुना बुश काढून येत्या रविवारी टर्नरकडे नमुना द्यायचा आहे.