पार्दिनी एसपी : तीन सेकंदांच्या फेरीत कळणारा ट्रिगर

इटलीच्या पार्दिनी कंपनीचे एसपी हे .22 चे (0.22 इंच व्यासाच्या गोळीचे) पिस्तूल मी क्लबच्या रेंजवर गेली दोन वर्षे 25 मीटर प्रकारासाठी वापरत आहे. त्याच्या लाकडी मुठीविषयी आणि हाताच्या अगदी जवळ असलेल्या नळीविषयी पुष्कळ लिहिता येईल. परंतु माझ्या मते त्याची खरी योग्यता ट्रिगरमध्ये आहे, आणि ती स्पर्धेच्या रॅपिड, म्हणजे जलद गोळीबाराच्या, टप्प्यातच कळते.

नेमबाज राही सरनोबत यांनी 2018 च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, तो हाच प्रकार. यातील रॅपिड टप्प्यात हात 45 अंशांत खाली ठेवून थांबायचे, इशारा होताच तो उचलून तीन सेकंदांत एकच गोळी झाडायची, सात सेकंद पुन्हा थांबायचे. असे एका फेरीत पाच वेळा. नियमानुसार ट्रिगरचा दाब किमान 1000 ग्रॅम असावा लागतो, म्हणजे एअर पिस्तुलाच्या दुप्पट. एअर पिस्तुलावरून आलेल्या नेमबाजाला तो जड वाटतो, साइट (पिस्तुलावरची नेम धरण्याची खूण) स्थिर होईपर्यंत तो बोट नुसते टेकवून ठेवतो आणि वेळ संपत आल्याचे जाणवताच ट्रिगर झटकतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याची अशी गोळी बहुधा खाली डावीकडे जाते. मी कित्येक महिने हीच चूक करत होते.

एसपीचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असून प्रत्येक टप्प्याचा दाब स्वतंत्रपणे बदलता येतो. मी पहिला टप्पा सुमारे 750 आणि दुसरा 300 ग्रॅमवर ठेवला आहे. हात वर येत असतानाच पहिला टप्पा संपवायचा, ही या मांडणीची गुरुकिल्ली. फ्रंट साइट, म्हणजे नळीच्या टोकाकडची साइट, लक्ष्याच्या काळ्या भागात शिरते तेव्हा दुसऱ्या टप्प्याची सुरुवात बोटाला इतकी स्पष्ट जाणवते की, उरलेला थोडा दाब न थांबता वाढवत नेणे एवढेच काम शिल्लक राहते. नजर मात्र फ्रंट साइटवरच हवी. साइट मधोमध यायची वाट पाहिली की बोट थांबते. गोळी सुटल्यावर ट्रिगर फार मागे सरकत नाही, त्यामुळे मूठ हलत नाही आणि फॉलो थ्रू, म्हणजे गोळी सुटल्यावरही नेम तसाच धरून ठेवणे, सहज साधतो.

दाब नेमका 1000 वर ठेवण्याचा मोह टाळावा. तपासणीत नळी उभी धरून ट्रिगरने वजन उचलले जाते, तेव्हा 50 ग्रॅमची सवड असलेली बरी. तसेच दर आठवड्याला स्क्रू फिरवणाऱ्याच्या बोटाला कोणतीच सवय लागत नाही. मी एकदा ठरवलेली मांडणी संपूर्ण हंगामभर बदलली नाही.

मूठ मात्र आपल्या हाताप्रमाणे घासून घ्यावीच लागते. पहिले बोट ट्रिगरवर सरळ मागे दाब देईल, बाजूला ढकलणार नाही, इतकी ती बसेपर्यंत मी एकही रॅपिड फेरी खेळले नाही.