पाय टेकले आणि 17,800 रुपये गेले

आधीच सांगते, मी अकरावीला फिजिक्स शिकवते. स्प्रिंग किती ताणली तर किती जोर लावते हे सांगणारा हूकचा नियम दरवर्षी फळ्यावर लिहिते. तरी एका गॅरेजवाल्याने स्प्रिंगच्याच बाबतीत मला मामा बनवलं. ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या, घरचे हसून दमलेत.

माझी उंची 5 फूट 1 इंच. गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन 411 मोटरसायकल, सीट जमिनीपासून 800 मिलिमीटर, वजन 199 किलो. चालवते मी, नवरा मागे बसतो. त्याला गिअरची गाडी येत नाही आणि शिकायचीही नाही. त्याचं वजन 86 किलो. ‘मग एवढी गाडी घेतलीच कशाला’ असं ज्यांना विचारायचंय त्यांनी पुढे वाचू नये. जूनमध्ये साताऱ्यात पोवई नाक्याजवळ ट्रॅफिकमध्ये पाय टेकवायला गेले, नेमका खाली खड्डा. गाडी आडवी, आम्ही दोघं रस्त्यावर. गाडी उचलून देणारा रिक्षावाला म्हणाला, “ताई, स्कूटी घ्या की.” त्याच रात्री ठरवलं, गाडी मागून खाली करून घ्यायची.

गॅरेजच्या पाटीवरच लिहिलं होतं: ‘डबलसीटसह गाडी खाली. गॅरंटी.’ आणि तो माणूस बोलला ते सगळं बरोबर बोलला, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. म्हणाला, “बाकीचे नुसती प्रीलोडची रिंग, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारी रिंग, ढिली करतात ताई. एकट्याला चालतं. मागे कुणी बसलं की टायर मडगार्डला लागतो. आपण लिंकच्या पट्ट्या, म्हणजे शॉकअप आणि मागचं चाक यांच्यामधल्या जोडपट्ट्या, बदलतो, गाडी 35 मिलिमीटर खाली येते, आणि वर कडक स्प्रिंग टाकतो, म्हणजे साहेब बसले तरी शॉकअप तळाला जाणार नाही.” यात चूक काय आहे? काहीच नाही. गाडी खाली आणली की टायर मडगार्डच्या तेवढा जवळ येतो, मग दोघांच्या वजनाला स्प्रिंग कडक हवीच. मी तर मनात त्याला दहापैकी दहा मार्क दिले. लबाड माणूस चुकीचंच बोलेल असं मी धरून चालले होते.

हिशोब असा: लिंकच्या पट्ट्या 6,800, शॉकअपचं काम स्प्रिंगसकट 9,500, मजुरी 1,500. एकूण 17,800. आधी 8,000, गाडी घेताना 9,800. दोन्ही वेळा यूपीआयवर नाव आलं ते एका बाईचं. “वहिनीचं खातं आहे” म्हणाला. बिलाऐवजी कच्ची चिठ्ठी, तिच्यावर फक्त ‘सस्पे. काम’. लोक म्हणतात तिथेच कळायला हवं होतं. पण आपल्याकडे निम्मी गॅरेजं अशीच चालतात, प्रत्येकाकडे जीएसटीचं बिल मागत बसलात तर पंक्चरही निघायचं नाही.

कळायला हवं होतं ते दुसरीकडेच.

संध्याकाळी गाडी घ्यायला गेले. गाडी साइड स्टँडवर उभी होती, नेहमीसारखी तिरकी. बसले, गाडी खाली गेली आणि दोन्ही पायांचे चवडे टेकले. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. आणि वर मी त्याचं कौतुक केलं, “स्टँड कापावा लागला नाही, छान केलंत!”

हे वाक्य मला रोज रात्री आठवतं. गाडी मागून खरंच 35 मिलिमीटर खाली आली असती तर स्टँड लांब पडला असता आणि गाडी जवळजवळ सरळ उभी राहिली असती, धक्का लागला तर पलीकडे पडेल अशी. म्हणून तर स्टँड कापावा लागतो. पुढचे फोर्कही, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, क्लॅम्पमधून थोडे वर सरकवावे लागतात, नाहीतर गाडी वळायला जड होते. फोर्कला त्याने हातही लावला नव्हता. गाडी जशीच्या तशी तिरकी उभी होती याचा अर्थ एकच, ती खाली आलेलीच नव्हती. मी बसल्यावर दबत होती, बस्स. अकरावीच्या पोराने ओळखलं असतं.

दुसरी खूण तर त्याने तोंडानेच दिली. नवरा मागे बसायला गेला तर म्हणाला, “साहेबांना आज नको. नवीन स्प्रिंग आहे, दोनशे किलोमीटर एकट्याने चालवा, सेट होऊ दे.” स्प्रिंग काय दही आहे का सेट व्हायला? पण मी मान हलवली. पाय टेकल्याच्या आनंदात होते.

गणपतीला चिपळूणला सासरी निघालो. पाटणच्या पुढे अंधार पडला, तेव्हा समोरचे गाडीवाले सारखे डिपर मारायला लागले. मागून गाडी इतकी बसली होती की माझा हेडलाइट झाडांच्या शेंड्यावर पडत होता. कुंभार्ली घाटात खड्डे किती आहेत ते त्या बाजूच्यांना सांगायला नको. तिसऱ्या का चौथ्या खड्ड्यात मागून ठण्णकन आवाज आला, नवरा ओरडला, आणि जळक्या रबराचा वास. टायरने आतला मडगार्ड खाल्ला होता. टेम्पोत गाडी टाकून चिपळूण गाठलं, 2,500 रुपये.

तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी दहा मिनिटांत सगळं उघडं केलं. लिंकच्या पट्ट्या कंपनीच्याच, वरून काळा स्प्रे. भोकापासून भोकापर्यंत मोजल्या, मूळ मापात तिळाएवढाही फरक नाही. शॉकअपवर मात्र दुसऱ्याच कुठल्यातरी हलक्या गाडीची मऊ स्प्रिंग, रिंग कच्चून आवळलेली. म्हणजे रिकामी गाडी पूर्वीच्या उंचीवर उभी राहावी आणि माणूस बसला की बसावी. माझी चांगली स्प्रिंग त्याने ठेवून घेतली. “जुने पार्ट मागितले नाहीत का?” मिस्त्रींनी विचारलं. नाही मागितले. तुम्ही मागा, पोत्यात घालून घरी आणा, नंतर भंगारात टाका हवं तर.

जुना पण शाबूत शॉकअप 7,200, बसवणावळ 900, मडगार्ड 650, नवऱ्याच्या कमरेचा एक्सरे आणि औषधं 1,340. टेम्पो धरून 12,590. आधीचे मिळवा, 30,390. गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणतो, “ताई, वजन किती घातलंत तुम्ही?” पाटीवर डबलसीट लिहिणारा हाच.

आता पोलिसांकडची मजा. पहिल्या दिवशी “हे सिव्हिल मॅटर आहे”. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या दिवशी एकाने चिठ्ठी वाचली आणि मलाच विचारलं, “गाडीत बदल करून घेतलात? मोटार वाहन कायदा कलम 52 माहीत आहे का? एका बदलाला 5,000 दंड, मालकाला.” मी म्हटलं, साहेब, बदल झालाच नाही, हीच तर तक्रार आहे! त्यावर तो म्हणाला, “बदल झाला नाही मग फसवणूक कसली?” मी दोन मिनिटं गप्प उभी होते. म्हणजे काम केलं असतं तर गुन्हेगार मी, आणि केलं नाही तर गुन्हाच नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचंच आहे म्हटल्यावर “मॅडम, तुम्ही वकील का?” नाही, मास्तरीण. शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला आणि पोच मागितल्यावर शिक्का सापडेना. बँकेत म्हणाले, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. प्रत्येक खिडकीवरचा माणूस मला माझीच चूक समजावून सांगत होता, जणू मला ती माहीत नव्हती.

आता जिल्हा ग्राहक आयोगात गेलेय. 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, दोन वर्षांच्या आत जायला हवं. चिठ्ठी, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि मिस्त्रींनी मोजताना काढलेले फोटो जोडलेत. फोटोत मोजपट्टी ठेवून काढा, नुसत्या लोखंडाच्या फोटोला कुणी विचारत नाही.

ज्यांना हे काम करायचंच आहे, त्यांनी गाडी देण्याआधी मागच्या चाकाच्या एक्सलपासून सीटखालच्या एका खुणेपर्यंत मोजा: चाक लोंबकळत असताना, आणि दोघं बसल्यावर. हिमालयनचा मागचा प्रवास 180 मिलिमीटर आहे, दोघं बसल्यावर साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे 60 च्या आसपास, दबलं तर ठीक. काम झाल्यावर तिथेच दोघं बसून पुन्हा मोजा. “आज नको” म्हणाला तर पैसे देऊ नका. आणि कायद्याचं काय, ते आधीच आरटीओत विचारून घ्या, माझ्यासारखं पोलिसाकडून ऐकू नका.

मी शेवटी सीटवाल्याकडून फोम कापून घेतला, 800 रुपये, वीत-टीचभर नाही पण बोटभर तरी खाली आली. आणि थांबताना अर्धं उतरून एकच पाय पूर्ण टेकवायचा, हे कॉलेजातल्या एका मुलाने पार्किंगमध्ये फुकट शिकवलं.

गॅरेज चालू आहे. परवा तिथून गेले तेव्हा पाटीखाली नवी ओळ रंगवलेली दिसली: ‘महिलांसाठी खास सवलत’.