डी अँड डी ३.५ मधला लिच खेळाडूच्या हाती दिल्यावर: आठ-नऊ महिन्यांचा अनुभव

लिचचं टेम्प्लेट (कॅरेक्टरवर चढवायचा तयार नियमसंच) खेळाडूला द्यावं की ते फक्त डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, खलनायकांसाठी ठेवावं, हा वाद डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या भूमिका-खेळाची ३.५ आवृत्ती खेळणाऱ्या प्रत्येक गटात कधी ना कधी होतोच. आमच्या पुण्यातल्या गटात तो गेल्या पावसाळ्यात झाला. विझार्ड (जादूगार) खेळणाऱ्या मित्राला आपलं कॅरेक्टर लिच करायचं होतं, आणि डीएम या नात्याने मी हो म्हटलं. मोहीम आता शेवटच्या टप्प्यात आहे. इतके महिने हे नियम टेबलावर चालवल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: टेम्प्लेटची ताकद हा प्रश्नच नाही. त्या ताकदीची किंमत चुकीच्या ठिकाणी वसूल केली आहे, आणि सगळा बिघाड तिथून सुरू होतो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो. लिच म्हणजे स्वतःहून अनडेड, म्हणजे मेलेला पण चालता-फिरता, झालेला जादूगार. आपला जीव तो फायलॅक्टरी नावाच्या वस्तूत ठेवतो. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव दूरच्या बेटावरच्या पोपटात असतो तसा. ३.५ आवृत्ती २००३ची. तिचे मूळ नियम एसआरडी या खुल्या नियमसंग्रहाच्या रूपात आजही मोफत आणि कायदेशीर मिळतात, म्हणून आमच्यासारखे गट अजून तीच खेळतात. लिच होण्यासाठी कास्टर लेव्हल (जादू करण्याची लेव्हल) किमान ११ लागते, आणि फायलॅक्टरी बनवायला १,२०,००० सोन्याची नाणी आणि ४,८०० एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात. वर लेव्हल अ‍ॅडजस्टमेंट +४, म्हणजे हिशेबात चार लेव्हल जास्त धरल्या जातात.

पहिली अडचण इथेच येते. नियमांतल्या संपत्तीच्या तक्त्यानुसार ११व्या लेव्हलच्या कॅरेक्टरकडे साधारण ६६,००० नाण्यांचा ऐवज असावा. १३व्या लेव्हलला १,१०,०००, १४व्याला १,५०,०००. म्हणजे अट ११ची लिहिली असली तरी स्वतःच्या पैशाने लिच होणं १४व्या लेव्हलच्या आधी शक्यच नाही, आणि तेव्हाही अंगावरचं जवळपास सगळं विकावं लागतं. आमच्या विझार्डने तेच केलं. मला ही अट आवडते. माणूसपण सोडायचं असेल तर खिसा रिकामा व्हायलाच हवा.

खरा घोळ +४चा आहे. १४व्या लेव्हलचा विझार्ड लिच झाला की हिशेबाला तो १८व्या लेव्हलचा धरला जातो. त्याच्याकडे एक्सपी असतात ९१,००० च्या आसपास, आणि पुढची लेव्हल मिळते १,७१,००० ला. मधल्या ८०,००० एक्सपीच्या काळात बाकीचे खेळाडू १९व्या लेव्हलपर्यंत पोचतात आणि हा सातव्या पातळीच्या स्पेलवरच (मंत्रांवरच) थांबतो. शिवाय प्रत्येक लढाईचे एक्सपीही त्याला १८ च्या हिशेबाने, म्हणजे कमी मिळतात. नवव्या पातळीचे स्पेल विझार्डला १७व्या लेव्हलला येतात. त्यात ४ मिळवले की झाले २१. मोहीम २० ला संपणार असेल, तर लिचला नववी पातळी कधीच मिळत नाही. जो माणूस जादूच्या हव्यासापायी मरण नाकारतो, त्याचीच जादू गोठवणारा हा नियम मला पटत नाही.

२००४च्या ‘अनअर्थ्ड आर्केना’ या पर्यायी नियमांच्या पुस्तकात यावर एक उपाय दिला आहे: एक्सपी मोजून लेव्हल अ‍ॅडजस्टमेंट एकेकाने कमी करून घ्यायची. +४ वाल्याला पहिली संधी मिळते क्लासच्या १२व्या लेव्हलला, १५,००० एक्सपी देऊन. दुसरी मिळते थेट २१व्या लेव्हलला. नेहमीच्या मोहिमेत एवढी मजल कुणी मारत नाही, म्हणजे हाती लागते ती एकच सवलत. सुरुवातीपासून लिच म्हणून खेळणाऱ्याला तिचा उपयोग आहे. मोहिमेच्या मध्यात लिच होणाऱ्याला फारसा नाही.

आता बदल्यात काय मिळतं ते बघू. सगळे हिट डाइस, म्हणजे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो) ठरवणारे फासे, डी१२ (बारा बाजूंचे) होतात, पण कॉन्स्टिट्यूशन (शरीराची काटकता) जातं. कॉन्स्टिट्यूशन १४ असलेल्या १४व्या लेव्हलच्या विझार्डला सरासरी ६४ हिट पॉइंट असतात. लिच झाल्यावर ९६. +५ नॅचरल आर्मर. डॅमेज रिडक्शन १५, म्हणजे हत्याराच्या प्रत्येक घावातून १५ कमी, आणि ते भेदायला हत्यार बोथट आणि जादूचं, दोन्ही असावं लागतं. थंडी, वीज आणि मनावर चालणारी जादू यांपासून पूर्ण संरक्षण. क्लेरिक (दैवी शक्तीने जादू करणारा पुरोहित) त्याला सहज पळवून लावू शकत नाही: टर्न रेझिस्टन्स +४ धरून त्याचे १८ हिट डाइस मोजले जातात, त्यामुळे करिश्माचा बोनस +२ असलेल्या बरोबरीच्या क्लेरिकला फाशावर २०च पडावा लागतो.

कागदावर हे सगळं भीतीदायक दिसतं. टेबलावर मात्र लिचचं मर्म लवकर सापडतं, आणि ते म्हणजे डिसइंटिग्रेट हा स्पेल. अनडेडना फॉर्टिट्यूड सेव्ह (शरीराच्या बळावर परिणाम टाळण्याचा फासा) मागणाऱ्या बहुतेक गोष्टी लागत नाहीत, पण जे स्पेल निर्जीव वस्तूंवर चालतात ते लागतात, आणि हा त्यांतलाच. टच अटॅक (नुसता स्पर्श झाला की लागणारा हल्ला) असल्यामुळे नॅचरल आर्मर कामाला येत नाही. फॉर्टिट्यूड सेव्ह विझार्डचा मुळात +४, त्यात कॉन्स्टिट्यूशनची भर शून्य. १४व्या लेव्हलच्या शत्रूने टाकलेला डिसइंटिग्रेट २८ डी६ (सहा बाजूंचे २८ फासे) नुकसान करतो, सरासरी ९८. लिचकडे आहेत ९६, आणि शून्यावर आला की अनडेड जागीच नष्ट होतो. बेशुद्ध पडून सावरण्याची संधी त्याला नाही. हा समतोल मला फार सुंदर वाटतो आणि त्याला मी हात लावलेला नाही.

ज्याला हात लावावा लागला, ती गोष्ट आहे पुनरागमन. फायलॅक्टरी शाबूत असेल तर लिच १डी१० (दहा बाजूंच्या फाशावर पडतील तेवढ्या) दिवसांत परत येतो. फुकट. लेव्हल जात नाही, नाणं खर्च होत नाही. मोहिमेच्या मध्यावर एकाच लढाईत आमचा फायटर आणि लिच दोघेही गेले. फायटरला रेझ डेड या स्पेलने परत आणायला ५,००० नाण्यांचे हिरे लागले, आणि वर त्याची एक लेव्हल गेली. लिच चौथ्या दिवशी होता तसा हजर. फायटर खेळणारी मैत्रीण एवढंच म्हणाली, "मग मी कशाला जपून खेळू? यालाच पुढे पाठवत जाऊ." तिचं म्हणणं रास्त होतं. पुढच्या काही सेशनमध्ये पार्टी खरंच तसंच खेळू लागली, आणि लढाईतली धाकधूक निघून गेली.

त्यानंतर आम्ही सगळ्यांनी बसून नियम बदलला. लेव्हल अ‍ॅडजस्टमेंट +४ ची +२ केली आणि बदल्यात मरणाला किंमत लावली: नवा देह घडायला ५,००० नाणी आणि एक लेव्हल, रेझ डेडइतकीच. ही नाणी फायलॅक्टरीजवळ आधीच ठेवलेली असली पाहिजेत, नसतील तर देह घडत नाही. तेव्हापासून हा नियम एकदाही बदलावा लागलेला नाही. विझार्डला पुढची लेव्हल १,३६,००० एक्सपीला मिळाली, स्पेल पुन्हा वाढू लागले, आणि तो पहिल्या रांगेतून आपणहून मागे सरकला. नववी पातळी त्याला १९ च्या हिशेबाला मिळेल, म्हणजे इतरांपेक्षा उशिरा, पण मोहिमेच्या आत.

एक खर्च मूळ नियमांतही दडलेला आहे: परत येतो तो देह. सामान मेल्या जागीच राहतं. विझार्डच्या बाबतीत त्यात स्पेलबुकही आलं, आणि नवं लिहायचं तर पानाला १०० नाणी. आमच्या मित्राने फायलॅक्टरीशेजारी दुसरी प्रत ठेवली, आणि ती जागा बंद पाकिटात लिहून माझ्याकडे दिली. पाकिटाची ही पद्धत सगळ्यांना सुचवेन. फायलॅक्टरी म्हणजे ४० हिट पॉइंट आणि २० हार्डनेसची छोटी धातूची पेटी. ती कुठे आहे यावर पुढे वाद व्हायला नको.

लिचच्या लकवा आणणाऱ्या स्पर्शाचा परिणाम मूळ नियमांत कायमचा आहे. आम्ही दर फेरीला नवा सेव्ह देतो. स्पेक्ट्रल हँड या, दुरून स्पर्श पोचवणाऱ्या, स्पेलमधून हा स्पर्श चालेल का, असं विझार्डने विचारलं होतं. चालत नाही, ती सोय फक्त स्पेलसाठी आहे. फिअर ऑराचा (लिचभोवती पसरणाऱ्या भीतीचा) त्रास लढाईपेक्षा गावात जास्त. त्याच्याकडे पाहणाऱ्या, पाचपेक्षा कमी हिट डाइसच्या प्रत्येकाला विल सेव्ह (मनोबळाचा फासा) करावा लागतो, म्हणजे सगळा बाजार पळत सुटतो. ऑरा बंद करण्याची सोय टेम्प्लेटच्या मजकुरात नाही. अंगभर झाकून घेतलं तर ऑरा दबतो असं आम्ही ठरवलं.

इतर खेळांत काय केलंय तेही वाचलं. पाचव्या आवृत्तीच्या २०१४च्या नियमांत लिच हा निव्वळ राक्षस आहे, चॅलेंज रेटिंग (तो किती अवघड शत्रू आहे याचं माप) २१. खेळाडूसाठी टेम्प्लेट दिलेलंच नाही. पाथफाइंडर या तशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत, २०२२च्या पुरवणीत, तो १२व्या लेव्हलपासून फीट (निवडून घ्यायची खास क्षमता) घेऊन होता येतो. लेव्हल जात नाही, आणि अनडेड खेळाडूंची संरक्षणं मुद्दाम सौम्य केली आहेत. तो विचार मला जास्त जवळचा वाटतो.

पुढच्या मोहिमेत क्लेरिकला लिच व्हायचंय, आणि तिथे आमचा +२ पुरणार नाही असा माझा अंदाज आहे. टेम्प्लेटच्या अटीप्रमाणे लिच दुष्टच असतो, आणि दुष्ट क्लेरिक जवळपास कुठलाही तयार स्पेल इन्फ्लिक्ट या इजा करणाऱ्या स्पेलमध्ये बदलू शकतो. इन्फ्लिक्टने अनडेड बरा होतो. म्हणजे जड चिलखत, डॅमेज रिडक्शन १५ आणि हवं तेव्हा स्वतःवर उपचार. त्याच्यासाठी +३ पासून सुरुवात करणार आहे. पुनरागमनाची किंमत तीच राहील.