रंगाच्या दुकानात फरशी घेऊन जा (४ स्टार)

सिंहगड रोडला टूबीएचके आहे आमचा, दहा वर्षांनी रंगकाम काढलं. मागच्या वेळी ज्याला जो हवा तो दिला होता, मुलीला लॅव्हेंडर, सासूबाईंना पिस्ता, आम्हाला पीच, आणि मग हॉलमध्ये उभं राहिलं की तीन दारांतून तीन रंग, बालवाडी नुसती.

यावेळी या दुकानात गेले कारण शेड निवडायला फुकट मदत करतात असं शेजारणीने सांगितलं. काउंटरवरच्या काकांनी शेडकार्ड उघडलंच नाही, म्हणाले आधी फरशीचा तुकडा आणा. म्हटलं क्रीमच तर आहे, तरी नाही. माळ्यावरनं स्कर्टिंगचा (भिंतीच्या तळाशी लावतात त्या फरशीच्या पट्टीचा) उरलेला तुकडा शोधून नेला, त्यांनी तो कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवला तर चक्क गुलाबी! या गुलाबीशेजारी पिस्ता इतकी वर्षं आजारी का दिसत होता ते तेव्हा कळलं. फरशी सगळ्या घरात एकच ना, मग तीच धरून चला म्हणाले. हॉल, पॅसेज, किचनला एकच उबदार ऑफव्हाइट, बेडरूमला शेडकार्डाच्या त्याच पट्टीवरचे एक-दोन घरं खालचे गडद शेड, मुलीला एका भिंतीवर जांभळट राखाडी. बास.

सॅम्पल भिंतीवर नाही, कार्डशीटवर दोन हात मारून खोलीखोलीत फिरवायला लावलं. रात्री तोच रंग निळसर दिसायला लागला, मी घाबरले, तर हॉलची ट्यूब ६५०० केल्विनची, म्हणजे निळसर पांढऱ्या उजेडाची निघाली, ४००० ची लावल्यावर जागेवर आला.

आता तक्रार. २० लिटर पुरतील म्हणाले, पुरले नाहीत. नंतर मशीनवर रंग मिसळून दिलेला डबा शेडचा कोड तोच असून थोडा वेगळा आला आणि पॅसेजच्या भिंतीच्या मधोमध पट्टा उमटला. वाळलं की जाईल म्हणे, गेला नाही. पेंटर म्हणाला आधीच जास्त घेऊन सगळे डबे एका ड्रममध्ये ढवळून घ्यायचे असतात, किंवा निदान नवीन डबा कोपऱ्यापासून सुरू करायचा. अरे मग आधी सांगायचं ना, दोघांपैकी कोणीतरी! दुकानाने भांडल्यावर एक लिटर फुकट दिला पण पेंटरची मजुरी आमच्याच खिशातून. एक स्टार त्या पट्ट्याचा कापलाय.

सासूबाईंचा पिस्ता देवघराला आतून दिलाय, फरशीपासून लांब, तिथे छान दिसतोय.