विंडीचं विजेट नऊ होमस्टेंच्या वेबसाइटवर लावलं, त्याचा अनुभव

मालवण-तारकर्लीतल्या नऊ होमस्टेंच्या वेबसाइट मी सांभाळते. ऑक्टोबर लागला की मालकांचे फोन खणखणायला लागतात, आणि पाहुण्यांचा प्रश्न एकच, "वारा किती आहे? स्कूबा होईल ना?" म्हणून गेल्या हंगामात विंडीचं फुकट विजेट, म्हणजे वेबपानात बसणारा छोटा हवामान नकाशा, सगळीकडे लावलं.

विंडी ही 2014 साली सुरू झालेली चेक हवामान साइट. जागा निवडायची, वारा हवा की लाटा, ताशी किलोमीटर की नॉट, एवढं सांगितलं की आयफ्रेमचा, म्हणजे आपल्या पानात दुसरी साइट दाखवणाऱ्या चौकटीचा, तयार कोड मिळतो. मी अक्षांश 16.06, रेखांश 73.46 ठेवून तो सगळ्यांना पाठवला. देवबागच्या एका काकांनी तर माझी वाट न बघता तो स्वतःच पानात चिकटवला आणि मला फोटो पाठवला. मला फार बरं वाटलं.

आयफ्रेमवर माझा भर का, तेही सांगते. आधी एका कंपनीचा भेटी मोजणारा काउंटर लावला होता. तो स्क्रिप्टवर चालायचा, म्हणजे अख्ख्या पानाच्या चाव्या त्यांच्याकडे. एका सकाळी घराच्या फोटोंवर जुगाराची जाहिरात! मालकीणबाईंना काय सांगावं ते कळेना. लोकांच्या साइटवर आपण काही लावतो तेव्हा त्यांच्या घराची अब्रू आपल्या हातात असते. आयफ्रेम आपल्या चौकटीत राहते, आजूबाजूच्या मजकुराला हात लावत नाही.

लावताना रुंदी 100 टक्के आणि उंची 320 पिक्सेल करा. नकाशा पानाच्या तळाशी ठेवा, कारण मोबाइलवर पान सरकवताना बोट कुठल्याही नकाशात अडकतं.

अंदाजाची मर्यादाही ओळखा. अंदाज काढणारं युरोपीय हवामान मॉडेल नकाशाचे चौकोन पाडतं, आणि त्याचा एक चौकोन साधारण 9 किलोमीटरचा. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथलं उसळतं पाणी त्यात कुठून दिसणार? म्हणून प्रत्येक नकाशाखाली मी लिहिलंय: पाण्यात उतरायचं की नाही, ते बोटवाल्याला विचारा.

फोन अजूनही येतात. पण आता पाहुणे विचारतात, "दुपारनंतर वारा वाढताना दिसतोय, सकाळची पहिली बोट मिळेल का?"